पाय ठेवला होता

मंडईत झेंडूचे ढीग लागले की नारळवाल्याकडे वळताना माझा पाय रेंगाळतो. आजही रेंगाळला. खंडेनवमी उद्यावर आली म्हणून सकाळीच पिशवी घेऊन गेलो होतो. केशरी ढीग, पिवळे ढीग, मधूनच आपट्याची जुडी, आणि फुलांवर पाणी शिंपडत बसलेल्या बायका. "अहो मेस्त्री, हात आखडता घेऊ नका, वर्षाचा सण आहे," त्यातली एक ओळखीची म्हणाली. फुलं घेतली, नारळवाल्यापाशी आलो. त्याने एक नारळ उचलून माझ्या कानाशी हलवला. आतलं पाणी खुळखुळलं आणि मी भर मंडईत रुमाल काढून कपाळ पुसायला लागलो. नारळवाला म्हणाला, "काका, सावलीत उभे राहा." ऊन होतंच. ऑक्टोबरचं ऊन पुणेकरासारखं, मोजकंच बोलतं पण लागेलसं बोलतं. मी नारळ पिशवीत टाकला आणि घराकडे वळलो.

एवढ्याशा आवाजाने माणूस इतका दचकतो, हे मला स्वतःलाच अजून पटत नाही. पण दर वर्षी हेच होतं.

शनिवार पेठेत माझं गॅरेज आहे. एका इमारतीच्या तळमजल्यावरची लांबट, बोळासारखी जागा. आत दोन गाड्या उभ्या राहतात, तिसरी रस्त्यावर राहते आणि शेजाऱ्यांची बोलणी खाते. दाराशी त्या काळी एक पाटी होती: "गाडीला काय झाले आहे ते आम्ही सांगू. आपण सांगू नये." मी स्वतः मजकूर देऊन रंगवून घेतलेली. येणारी माणसं वाचून हसायची, एकदोघांनी फोटोही काढले. मला मात्र त्यात विनोद दिसत नव्हता. कार्बोरेटरच्या गाड्यांवर माझा जन्म गेला होता. गाडी कोपऱ्यावरून वळताना नुसता आवाज ऐकून मी सांगायचो, हवा जास्त घेते की पेट्रोल. अॅक्सिलरेटर म्हणजे काय, तर एक पॅडल, पॅडलला एक तार, तारेच्या दुसऱ्या टोकाला इंजिनाच्या तोंडावरची झडप. पाय दाबला, तार ओढली गेली, झडप उघडली. तार तुटली तर तुटलेली दिसायची. वाकून बघितलं की झालं. गिऱ्हाइकाला विचारायचं काय त्यात?

आणि मग खराडीकडे काचेच्या इमारती उगवल्या, नोकऱ्या आल्या, नोकऱ्यांमागून गाड्या आल्या. त्या गाड्यांत तार नव्हती. पॅडल दाबलं की पॅडलला बसवलेला सेन्सर विजेच्या भाषेत सांगतो, "पाय इतका दाबला." ते एका डबीतला संगणक ऐकतो, आणि तो ठरवतो की झडप किती उघडायची. झडपेला तिची स्वतःची छोटी मोटर. म्हणजे पाय आता हुकूम देत नाही, विनंती करतो. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी दोन दिवस चिडलेला होतो. मग एक स्कॅनर घेतला, गाडीच्या डॅशबोर्डखाली त्याची वायर खोचली की संगणकाने नोंदवलेले बिघाड आकड्यांनी दिसतात. चार दिवसांत माझा राग गेला आणि त्याच्या जागी गर्व आला. आता तर गिऱ्हाइकाने तोंड उघडायचीही गरज नव्हती.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. पाने, पक्कड, जॅक, सगळं धुऊन-पुसून पाटावर मांडायचं, त्या दिवशी हात लावायचा नाही. जुनी गिऱ्हाइकं आपापल्या गाड्या घेऊन येतात, हार घालून घेतात. माझ्या गुरूची एक पद्धत होती, ती मी चालवत आलो होतो. ते ट्रकवाले मेस्त्री. चाकापुढे नारळ फोडायचे आणि वाटीतलं पाणी बाहेर न टाकता, गाडीत वाकून, पॅडलांच्या मुळाशी ओतायचे. म्हणायचे, "जिथून पाय हुकूम सोडतो तिथं देवाचं पाणी पडलं पाहिजे. मग ब्रेक ऐकतो." ट्रकच्या तळाला भोकंच भोकं, पाणी खाली रस्त्यावर जायचं. मी तीस वर्षं तेच केलं. एकही गाडी कधी तक्रार घेऊन आली नाही.

त्या वर्षी आगाशेबाईंची गाडी पहिल्यांदा पूजेला आली. बाई आमच्याच पेठेतल्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. मुलगा निनाद खराडीला सॉफ्टवेअरमध्ये. त्याचा एक सहकारी अमेरिकेला निघाला, त्याची वर्षभर वापरलेली गाडी निनादने आईसाठी घेतली आणि चालवायला वासुदेवला ठेवलं. वासुदेव यवतमाळकडचा, चाळिशीचा, सडपातळ, बोलायला मऊ. गाडी इतकी पुसायचा की बाई म्हणायच्या, "अहो वासुदेव, रंग जाईल." पूजेच्या दिवशी त्याने स्वतः हार ओवून आणला होता. मी नारळ फोडला, ड्रायव्हरच्या दारातून आत वाकलो, आणि पॅडलांच्या वरच्या बिजागरीपासून वाटी रिकामी केली. नवी गाडी म्हणून जरा जास्तच भक्तीने. वासुदेवने हात जोडले.

त्या दिवसांचा वास अजून नाकात आहे. झेंडू, हळद, ग्रीस आणि उन्हाने तापलेलं रबर. मग दिवाळीचं वारं सुरू झालं, लक्ष्मी रस्त्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही, घराघरातून चकलीच्या भाजणीचा वास यायला लागला. संध्याकाळी जरा गार पडू लागलं. सगळं कसं छान चाललं होतं, असं मी आता म्हणतो.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आगाशेबाई मुलाकडे खराडीला निघाल्या. नगर रस्त्यावर, भर चौकात, हिरवा दिवा लागला, वासुदेवने पाय दाबला आणि गाडी उचललीच नाही. नुसती रांगायला लागली. मागून येणाऱ्या टेम्पोने ब्रेक मारला, पण उशीर झाला. मागचा बंपर आत गेला, बाई पुढच्या सीटवर आपटल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. वासुदेवने घाबरून गाडी बंद केली, परत चालू केली, आणि ती लोण्यासारखी पळाली. बाईंना दवाखान्यात त्यानेच नेलं.

दुसऱ्या दिवशी निनाद गाडी घेऊन माझ्याकडे आला, बरोबर वासुदेव.

"काका, हा म्हणतोय गाडीने पिकअप घेतला नाही. मी स्वतः इथपर्यंत चालवत आणली, परफेक्ट आहे. तुम्ही जरा स्कॅन करून सांगा. मला फॅक्ट हवीय, बस."

मी बॉनेट उघडलं. माझ्या गॅरेजची एक शिस्त आहे, म्हणजे होती: विजेच्या कामाला हात घालण्याआधी बॅटरीची वायर काढायची. जुन्या गाडीत एकदा ठिणगी उडून माझ्या भुवया जळल्या होत्या, तेव्हापासूनची सवय. वायर काढली, जोडण्या वरवर तपासल्या, झडपेचं तोंड पुसलं, वायर परत लावली. मग स्कॅनर जोडला. पडद्यावर आलं: एकही बिघाड नोंदलेला नाही.

"गाडीत काही दोष नाही," मी म्हणालो.

वासुदेव पुढे आला. "मेस्त्री, मी पाय ठेवला होता जी. पुरा दाबला होता. गाडीच नाही उचलली."

"अरे, मशीन सांगतंय ना."

"मशीन बरोबर असंल जी. पण मी काऊन खोटं बोलू? तुमी एक डाव वाकून तर पाहा. मी पाय ठेवून दाखवतो, कसा ठेवला होता ते."

आणि तो ड्रायव्हरच्या सीटवर बसलाही. दार उघडं, पाय पॅडलवर, मान वर करून माझ्याकडे बघत. मला फक्त गुडघ्यावर बसून आत डोकावायचं होतं. तीस वर्षं मी दुसरं केलं काय होतं? पण हातात स्कॅनर होता. मी पाटीकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, "वाचता येतं ना?"

निनाद हसला. वासुदेव उतरला. त्याने दार लोटलं, हलकेच, जसं तो नेहमी लोटायचा.

"झोप लागली असेल नाहीतर फोनमध्ये असेल," निनाद मला बाजूला घेऊन म्हणाला. "लॉग क्लीन आहे म्हणजे माणसाचीच चूक. सिंपल आहे." मी मान डोलावली. मान डोलवायला कष्ट पडत नाहीत. आगाशेबाईंना विचारलं असता त्या म्हणाल्या होत्या, "मी मागे पुस्तकात डोकं घालून बसले होते. मी शपथेवर काय सांगणार?" त्या दिवशी संध्याकाळी निनादने वासुदेवला काढून टाकलं. वसुबारसेच्या आदल्या दिवशी. दिवाळीत मी शेव खाल्ली, करंज्या खाल्ल्या आणि दुपारी ताणून दिली. हे लिहिताना आज माझी मला लाज वाटते.

दिवाळीनंतर बंपरच्या कामाला गाडी माझ्याकडे परत आली. काम झालं, म्हणून एक फेरी मारायला घेऊन निघालो. ओंकारेश्वराजवळचा पूल. सकाळची अकराची वेळ, पुढे रस्ता मोकळा. मी पाय दाबला.

काहीच झालं नाही.

आणखी दाबला. पॅडल जमिनीला टेकलं. इंजिन आपलं शांतपणे गुरगुरत होतं, जणू माझा पाय त्या गाडीत नव्हताच. मागे हॉर्न सुरू झाले. कोणीतरी ओरडलं, "काका, घरी झोपा!" आयुष्यात इतक्या गाड्या बंद पडलेल्या पाहिल्या, पण पाय दाबूनही आपलं म्हणणं कुठेच पोचत नाही, हे मी पहिल्यांदा अनुभवत होतो. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला होता. मला आवाज ऐकू आला, स्पष्ट, शेजारच्या सीटवरून आल्यासारखा: "मी पाय ठेवला होता जी."

गाडी बंद करायची नाही एवढं सुचलं. तशीच रांगत गॅरेजात आणली. या वेळी बॅटरीला हात लावला नाही. आधी स्कॅनर. पडद्यावर दोष उभा होता: पॅडलच्या दोन सेन्सरांचं एकमेकांशी जुळत नाही.

हे जरा सांगायला हवं. त्या पॅडलला एक नाही, दोन सेन्सर असतात. दोघंही एकच गोष्ट सांगतात, पाय किती दाबला ती. एकाचा आकडा दुसऱ्याच्या दुप्पट, पण चढायचे-उतरायचे बरोबरीने. संगणक दोघांचं ऐकतो. पटलं तर झडप उघडतो. दोघांत फरक पडला तर कोण खरं हे तो ठरवत बसत नाही. गाडी फक्त रांगेल इतपतच चालू ठेवतो, म्हणजे कोणाचा जीव जायला नको. चावी बंद करून परत फिरवली आणि तेवढ्यात जोडणी नीट बसली, तर गाडी पुन्हा शहाण्यासारखी पळते. यंत्राला शंका आली की ते हळू होतं. मला शंकाच आली नव्हती.

मी स्कॅनरवर ते दोन आकडे लावले, गुडघ्यावर बसलो आणि हाताने पॅडलच्या वरची वायर हलवली. एक आकडा जागचा हलला नाही, दुसरा उड्या मारायला लागला. मग टॉर्च पेटवून आत डोकं घातलं.

मुंग्या होत्या. लाल, बारीक, शिस्तीने रांग लावून चाललेल्या. पॅडलच्या बिजागरीवरून वर, सेन्सरच्या जोडणीत. जोडणीवरून खाली पांढरट चिकट ओघळ वाळलेला, आणि ओघळाच्या कडेला कुंकवाचा एक ठिपका.

माझ्याच बोटाचा.

मला वाटतं मी तसाच किती तरी वेळ पडून होतो, डोकं गाडीत, पाय बाहेर. कोणीतरी जाता-जाता विचारलं, "मेस्त्री, बरं आहे ना?" मी हात पुढे घातला. जोडणी सोडवली. आतल्या पितळी काड्या हिरव्या-काळ्या पडल्या होत्या. नारळाच्या पाण्यात मीठ असतं, साखर असते, हे शाळेतल्या पोराला कळतं. मी भक्तीने ओतलं होतं, आणि दोन-अडीच आठवड्यांत त्या पाण्याने आपलं काम केलं होतं. वासुदेवने तर त्या पाण्याला हात जोडले होते.

पण एक प्रश्न राहिलाच. दोष आज नोंदला गेला, मग त्या दिवशी का नव्हता? स्कॅनरबरोबर आलेलं पुस्तक खणात पडलं होतं, कोरं करकरीत. ते काढलं. पहिल्याच पानावर, चौकटीत, जाड अक्षरात सूचना होती की आधी नोंदलेले दोष वाचून घ्यावेत, मग बॅटरी काढावी. बॅटरी काढली तर नोंदी पुसल्या जाऊ शकतात.

मी ते वाक्य तीनदा वाचलं. वासुदेवच्या बाजूने साक्ष देणारं जगात एकच कोणी होतं, ती डबी. तिने साक्ष लिहूनही ठेवली असणार. मी आधी ती माझ्या हाताने पुसली आणि मग निनादला सांगितलं, साक्ष नाही. चूक कोणाच्याही हातून होते, असं म्हणून सुटका करून घ्यायचा प्रयत्न मी केला. सुटका झाली नाही, अजून होत नाही.

नवं पॅडल मागवलं, बसवलं, जोडणीच्या काड्या बदलल्या. मग सावकाश दाबत दोन्ही आकडे पाहिले. दोघं बरोबरीने चढले, बरोबरीने उतरले. वीस वेळा केलं तरी माझं समाधान होईना. आगाशेबाईंना जाऊन सगळं सांगितलं. हात गळ्यात अडकवलेला, खुर्चीत ताठ बसून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "उत्तर आधी लिहून मग गणित सोडवणारी मुलं मी आयुष्यभर नापास केली, मेस्त्री. आणि परवा मी स्वतः तेच केलं. तुम्हाला एकट्याला काय बोलू?" निनादही तिथेच होता. "पण लॉग क्लीन होता ना, काका," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

वासुदेवला शोधायला तीन दिवस लागले. तो खराडीतच निघाला, निनादच्या ऑफिसपासून हाकेच्या अंतरावर, एका आयटी पार्कच्या फाटकावर रखवालदार. गाड्या आत सोडायच्या, बाहेर सोडायच्या. मी तीच गाडी घेऊन गेलो. ती काळी पडलेली जोडणी कागदात बांधून खिशात ठेवली होती. दुपारची सुट्टी झाल्यावर तो फाटकाबाहेर आला. मी कागद उलगडला आणि सगळं सांगितलं, नारळ, मुंग्या, बॅटरी. हात जोडले. "वासुदेव, तू खरा होतास."

त्याने जोडणी हातात घेऊन निरखली. रागावला नाही. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

"खरा होतो काय जी," तो म्हणाला. मग जोडणी परत कागदात गुंडाळली. "घरी फोन केला तवा बायको म्हणे, डोया लागला असंल तुमचा. बाप म्हणे, पुण्याच्या मशीनवर दोष नाही दिसला तर चूक तुझीच. समदे म्हणत तर मलेबी वाटू लागलं मेस्त्री, का म्या पायच नसंल ठेवला. रोज आठवून पाहतो. चौक आठवते, दिवा आठवते. पायच आठवत नाही. आता बस आली तरी ड्रायव्हरच्या बाजूले बसत नाही मी."

नोकरी गेली हे मला ठाऊक होतं. त्याचा स्वतःच्या पायावरचा भरवसा मी काढून घेतला असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. कामावर परत ये, असा निरोप बाईंनी माझ्याकडेच दिला होता, तो मी सांगितला. त्याने मान हलवली, धड होकार नाही, धड नकारही नाही.

मी गाडीचं दार उघडून किल्ली पुढे धरली. तो मागे सरकला. मी किल्ली तशीच धरून उभा राहिलो. रस्त्यावरून ऑफिसच्या बसगाड्या जात होत्या, ऊन सरळ डोक्यावर होतं. शेवटी तो आला, बसला, दोन्ही हात मांडीवर ठेवून. मग इंजिन चालू केलं.

उद्या पूजा आहे. नारळ आता रस्त्यावर फोडतो आणि पाणी झाडाच्या मुळाशी घालतो. पाटी त्याच आठवड्यात उतरवली; खिळ्यांची भोकं तेवढी भिंतीत आहेत. गाडी आली की आधी माणसाला स्टुलावर बसवतो आणि काय झालं ते त्याच्या तोंडून ऐकतो, सगळं. त्यानंतर स्कॅनर, आणि बॅटरी सगळ्यांत शेवटी. गुरूंना हे आवडलं असतं की नाही, ठाऊक नाही. वासुदेव पुढे आगाशेबाईंकडे परत आला, बाई होत्या तोवर त्यांची गाडी त्यानेच चालवली. पण मंडईत नारळ खुळखुळला की मला ते काही आठवत नाही. मला खराडीची ती दुपार दिसते, उघडं दार, आणि सीटवर ताठ बसलेला वासुदेव.

त्याने पाय हळूच पॅडलवर टेकवला. दाबला. इंजिनाचा आवाज चढला. सोडला, आवाज उतरला. पुन्हा दाबला. माझ्याकडे न बघता, समोर काचेत बघत तो म्हणाला, "पाहा जी. ठेवला का?"

मी भर रस्त्यात गुडघे टेकले आणि वाकून आत पाहिलं.

"ठेवलाय," मी म्हणालो.